इतिहास वाचलेला माणूस बरा नागरिक होतो का? (एका विद्यार्थिनीने अडवलंय)

तासिका_सहावी :

शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र दोन्ही मीच शिकवते, सतरा वर्षं झाली. दर जूनमध्ये पहिल्या तासाला 'इतिहास का शिकायचा' म्हणून फळ्यावर एक सुभाषितवजा वाक्य लिहिते, मुलं ते उतरवून घेतात आणि मी पुढे सरकते. यंदा मात्र तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"मॅडम, मत कसं द्यायचं, तक्रार कुठे करायची, आपले हक्क कुठले, हे सगळं नागरिकशास्त्रात आहे. ते कळायला इतिहास कशाला लागतो? गाडी चालवायला चाकाचा शोध कधी लागला ते पाठ असावं लागतं का?"

वर्ग हसला, तेवढ्यात घंटा झाली. खरं सांगते, घंटेचा इतका आनंद मला विद्यार्थिनी असतानाही झाला नव्हता.

घरी येऊन उत्तर शोधायला बसले. सापडली ती सगळी उसनी, म्हणजे भाषणात शोभतील अशी. आजूबाजूला पाहावं तर पुरावा उलटाच. सनावळी तोंडपाठ असलेले, लढाया तासाच्या हिशेबाने सांगणारे एक सहकारी मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी घेतात. आणि चौथीनंतर शाळा न पाहिलेल्या एक बाई मला माहीत आहेत. त्या अर्ज देतात, त्याची पोच मागून घेतात आणि पोच दिली नाही तर खिडकीसमोरून हलत नाहीत. नागरिक म्हणून यातलं कोण पास?

तेव्हा सुभाषितं नकोत, ती माझ्याकडे वहीभर आहेत. इतिहास वाचल्यामुळे नागरिक म्हणून तुम्ही काही वेगळं केलंत, असं खरोखर कुणाचं झालंय का? सोमवारी पुन्हा तोच वर्ग आहे.

---

शेवटचा_बाक :

मुलीला पैकीच्या पैकी द्या आणि विषय मिटवा.

बाकी आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे पुस्तकाच्या शेवटची पातळ पानं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली की बाई म्हणायच्या, "हे घरी वाचा." लोकशाही आम्ही घरीच वाचली, त्यामुळे ती घराबाहेर फारशी आली नाही.

(गंभीर प्रतिसादांच्या प्रतीक्षेत. जागा धरून ठेवलीय.)

---

कोरी_वही :

माझं झालंय, पण उलट्या दिशेने. आधी नागरिकशास्त्र अंगावर आलं, इतिहास वाचायला त्यानंतर शिकलो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर सहा वर्षं चिटणीस होतो. चिटणीस म्हणजे पत्रव्यवहार, सह्या, आणि मुख्य म्हणजे इतिवृत्त. एका सभेत सभासदांची अनामत दुप्पट करायचा ठराव आला. दोन तास वादावादी. दोघे जण तणतणत निघून गेले. एक निवृत्त गृहस्थ होते, आवाज बारीक पण चिवट. ते परत परत म्हणत होते, "अभ्यासिकेत येणारी पोरं तुटतील. माझा विरोध आहे, लिहून घ्या." शेवटी कंटाळून सगळ्यांनी हात वर केले, त्यांनी केला नाही. मी लिहायला लागलो तर अध्यक्ष म्हणाले, "अहो, एवढं रामायण कशाला? 'साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर' असं टाका." मी टाकलं. निळ्या शाईत, माझ्या बऱ्यापैकी सुवाच्य अक्षरात. पुढच्या सभेत पहिला विषय नेहमीप्रमाणे 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. वाचायचा सगळ्यांना कंटाळा, त्यामुळे न वाचताच कायम झालं. ते गृहस्थ त्या दिवशी आले नव्हते.

पाच वर्षांनी नवी कार्यकारिणी आली आणि अनामत आणखी वाढवायला निघाली. कुणीतरी म्हणालं, "मागच्या वेळी तर कुणाचाच विरोध नव्हता." मागच्या रांगेतून तोच बारीक आवाज आला, "माझा होता." त्यांना सांगण्यात आलं, "नोंद दाखवा."

मी त्या खोलीत होतो. उठून म्हणालो की हे खरं बोलताहेत, इतिवृत्त मीच लिहिलं होतं. त्यावर जे उत्तर मिळालं त्यात कायद्याने खोट काढता येणार नाही: "मग तुम्ही तसं लिहिलं का नाही? कागदावर काय आहे ते बोला." माझी आठवण माझ्याच अक्षरापुढे हरली.

ते गृहस्थ माझ्याशी काही वाईट बोलले नाहीत. जाताना माझ्या खुर्चीपाशी थांबले, वहीकडे बघितलं आणि गेले.

त्यानंतर माझं इतिहासाचं वाचनच बदललं. 'समस्त रयत आनंदली' असं कुठे दिसलं की मला ती निळी शाई आठवते. कुठल्या चिटणिसाला कुणी सांगितलं असेल, "एवढं रामायण कशाला"? दोन तासांत काय काय बोललं गेलं असेल, आणि तणतणत निघून गेलेले दोघे कोण? इतिहासाचे अभ्यासक ज्याला साधनांची चिकित्सा म्हणतात ती हीच: हे कुणी लिहिलं, किती वर्षांनी लिहिलं, कुणाच्या पगारावर होता आणि काय गाळलं. शाळेत असताना मला हा प्राध्यापकांचा उद्योग वाटायचा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी वेगळं काय करतो? कुठल्याही सभेत, मग ती संस्थेची असो वा पालकांची, इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावतो. लोक वैतागतात. 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' आले की पेन उघडतो, कारण नको ते सगळं तिथूनच आत शिरतं. आणि हात वर केला नाही तर तसं लिहून घेतलंय की नाही हे निघण्याआधी बघतो. मला हे इतिहासाने शिकवलं की त्या वहीने, ते आता वेगळं काढता येत नाही.

तुमच्या त्या पोच मागणाऱ्या बाई, त्यांना इतिहास येत नाही असं तुम्ही म्हणालात. मला वाटतं येतो. उद्या 'तुमचा अर्ज आलाच नव्हता' असं म्हटलं जाईल हे त्यांना आज माहीत आहे.

---

कलम_कसाई :

वही, दंडवत घ्या.

पोटापाण्यासाठी कायद्याची पुस्तकं चाळतो, म्हणून मुलीच्या गाडीच्या दाखल्यावर एवढंच. चाकाचा शोध माहीत नसला तरी चालेल, ब्रेक का बसवलाय ते माहीत हवं.

संविधानाचं कलम ३५२ काढा. राष्ट्रपतींनी आणीबाणीची उद्घोषणा करायची तर केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय त्यांना 'लेखी' कळवलेला असला पाहिजे. नुसतं नागरिकशास्त्र वाचलेल्याला 'लेखी' हा शब्द कारकुनी वाटेल. आता त्याच्यामागची रात्र बघा. २५ जून १९७५ च्या रात्री उद्घोषणेवर सही झाली आणि मंत्रिमंडळाला ते दुसऱ्या दिवशी पहाटे बोलावून सांगण्यात आलं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो 'लेखी' तिथे आणून बसवला. गंमत अशी की मूळ इंग्रजी संविधानात 'कॅबिनेट' हा शब्दच नव्हता, मंत्रिपरिषद होती. तो शब्द आला तो या दुरुस्तीने, याच कलमात.

त्याच दुरुस्तीत 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' घातलं, कारण अशांतता कशालाही म्हणता येते. आणि जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही असं ठरलं, कारण एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ती बंद असल्याचं मान्य केलं होतं. ते 'एक' म्हणजे न्यायमूर्ती खन्ना. त्यांचं विरोधी मत निकालातच छापलं गेलं. त्यांचा चिटणीस 'सर्वानुमते' लिहू शकला नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जुना निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा खन्नांचं मत वाचायला जागेवर होतं.

उद्या कुणी म्हणालं, "हा 'लेखी' शब्द काढून टाकू, उगाच वेळ जातो," तर ती रात्र माहीत नसलेला नागरिक म्हणेल, खरंच की, जातो वेळ.

---

शंकासुर :

सगळे एका सुरात गायला लागले की माझं कर्तव्य सुरू होतं.

इतिहास माहीत असलेला माणूस जास्त धोकादायक असतो असं माझं निरीक्षण आहे. नुसती शंका नको म्हणून उदाहरणही देतो. ब्रिटनचा अँथनी ईडन. १९३८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान चेंबरलेनच्या, हुकूमशहांपुढे नमतं घेणाऱ्या पडखाऊ धोरणावर नाराज होऊन या गृहस्थाने परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. त्याच वर्षी हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा तुकडा देऊन शांत करू पाहणारा म्युनिक करार झाला आणि पुढचं आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे इतिहास याने नुसता वाचला नव्हता, त्यात उभा होता, आणि बरोबर बाजूला उभा होता. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासरने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा हा पंतप्रधान. त्याला नासरमध्ये तीसच्या दशकातला हुकूमशहा दिसला. आता माघार घेतली तर पुन्हा म्युनिक! फ्रान्स आणि इस्राएलशी गुपचूप संगनमत करून सैन्य घुसवलं. अमेरिकेने पौंडाची नाडी दाबली, डिसेंबरात सैन्य परत, जानेवारी १९५७ मध्ये ईडनचा राजीनामा.

एकच धडा, पण फार नीट पाठ केलेला. त्यामुळे समोर काय आहे ते दिसलंच नाही.

ही मोठ्या माणसांची गोष्ट झाली. आपल्याकडे फोनमध्ये रोज काय येतं? 'इतिहास साक्षी आहे' ने सुरू होणारे संदेश. इतिहासाला एवढ्या साक्षी द्यायला लावतात की त्याला दुसरं काम राहिलेलं नाही. इतिहास जितका जास्त, तितकी भांडणं जुनी. पोच मागणाऱ्या बाईंना हे ओझं नाही म्हणून त्या कामाचं काम करतात. ती मुलगी बरोबर आहे.

---

वाचनमात्र :

खूप वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. सांभाळून घ्या.

फोनवरच्या संदेशांवरून आठवलं. प्राचीन अथेन्समध्ये कुणाला दहा वर्षं हद्दपार करायचं याचं मतदान खापरीच्या तुकड्यावर नाव कोरून व्हायचं. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९३७ मध्ये अशा १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लिस, म्हणजे सालामिसची लढाई जिंकून देणारा. अक्षरं तपासली तर १९० खापऱ्या लिहिणारे हात जेमतेम चौदा. म्हणजे कुणीतरी बसून थप्पी तयार केली होती, मतदारांना वाटायला. घ्या, लिहायचे कष्ट नकोत.

हे वाचल्यापासून 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असं आलं की मी मनात विचारतो, हात किती? एवढंच.

---

शेवटचा_बाक :

वाचनमात्र यांनी आता नाव बदलावं.

---

कोरी_वही :

@शंकासुर, ईडनचा मुद्दा मान्य. तो खोडायला नाही, त्याच्या शेजारी दुसरं ठेवायला लिहितोय.

२५ नोव्हेंबर १९४९ चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण. हातात नवं कोरं संविधान, दुसऱ्या दिवशी ते स्वीकारलं जाणार, आणि हा माणूस काय काढतो? सिंधवर महंमद बिन कासीम चालून आला तेव्हा दाहिर राजाच्या सेनापतींनी त्याच्या हस्तकांकडून लाच घेतली आणि ते आपल्याच राजाच्या बाजूने लढले नाहीत, ही गोष्ट. पुढे आणखी तसेच दाखले. आपण स्वातंत्र्य एकदा गमावलं ते आपल्यातल्याच काहींच्या फितुरीने, पुन्हा तसं होईल का, हा त्यांचा प्रश्न. बौद्ध भिक्खू संघांना गणसंख्या, मतदान, ठराव यांचे नियम माहीत होते, हेही त्याच भाषणात येतं. पण छाती फुगवायला नाही. ही पद्धत आपल्याकडे होती आणि आपण ती घालवली, असं सांगायला.

दोन्ही ठिकाणी माणूस इतिहासच काढतोय. फरक मला एवढाच दिसतो की ईडनच्या इतिहासात खलनायक समोरचा होता. आंबेडकरांच्या इतिहासात सभागृहात बसलेल्यांपैकी कुणीही असू शकत होता. मी स्वतःला हीच चाचणी लावतो. मी सांगतोय त्या गोष्टीत दोषी नेहमी दुसऱ्याचाच आजोबा निघत असेल, तर तोंड बंद ठेवावं.

माझ्या गोष्टीतला दोषी मीच आहे, त्यामुळे ती मी बिनधास्त सांगतो.

---

शंकासुर :

दुसऱ्याचाच आजोबा... हे ढापणार आहे. अर्धा सहमत. उरलेला अर्धा राखून ठेवतो, नाहीतर नाव बदलावं लागेल.

---

तासिका_सहावी :

सगळ्यांचे आभार. सोमवारचा तास झाला, त्याचा वृत्तान्त देते. वहीकाकांची गोष्ट नाव-गाव न घेता सांगितली (परवानगी गृहीत धरली होती, चिडू नका), पण तास त्यावर नाही घेतला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्यांवर घेतला. बऱ्याच ठिकाणी बायकांनी नाव सांगायला नकार दिला. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगायच्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की स्वतःचं नाव सांगितल्याशिवाय नोंद नाही. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाखांची नावं शेवटी यादीतून गेली. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या, 'तमक्याची बायको' आणि खाली '२८,००,०००', आणि विचारलं, सेन यांचं बरोबर की चूक?

सतरा वर्षांत असा तास झाला नव्हता. एक मुलगा म्हणाला, नावच सांगत नाही तर मत कसं देणार, एकाच्या नावावर दहा जणी येतील. दुसरी म्हणाली, अहो पण त्यांना नाव सांगू न देणारे घरातले पुरुष, त्यांची नावं यादीत राहिलीच ना? त्यांचं एकही मत कमी झालं नाही! मागून कुणीतरी विचारलं, पण सेननी 'बायको' म्हणूनच घेतलं असतं तर पुढच्या निवडणुकीत तरी नाव आलं असतं का? याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं आणि या वेळी घंटेची वाट बघितली नाही.

तुम्हा लोकांचं ऐकून हात वर करून मोजणी केली. ४२ जणांत बरोबर म्हणणारे १९, चूक म्हणणारे २२. मी फळ्यावर लिहिलं, 'तटस्थ १'. ती तीच, तिसऱ्या बाकावरची.

"मॅडम, मी तटस्थ नाही. त्या बायकांना कुणी विचारलंच नाही आणि आपण सत्तर वर्षांनी हात वर करतोय. मला प्रश्नच पटलेला नाही. तसं लिहा."

म्हटलं, फळा पुसला जाईल. म्हणाली, मग वहीत लिहा.

हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलंय, तारीख घालून. तिने वाचून बघितलं. 'पटलेला नाही'च्या जागी मी 'पटला नाही' लिहिलं होतं, तेवढं दुरुस्त करून घेतलं आणि जाऊन बसली. चाकाच्या शोधाचं उत्तर तिने अजून मागितलेलं नाही.